अशील, यजमान, गिऱ्हाईक

वकिलाकडे येतो तो अशील. भटजी ज्याच्या घरी जातात तो यजमान. दुकानदाराचे ते गिऱ्हाईक, डॉक्टरचा तो पेशंट, शाहिराचा तो आश्रयदाता. कामाच्या निमित्ताने जोडल्या जाणाऱ्या दोन माणसांपैकी पैसे देणाऱ्यासाठी मराठीत असे निरनिराळे शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाने त्या नात्याची आखणी अगोदरच करून ठेवली आहे. अशील वकिलाचा सल्ला ऐकून घेतो. यजमान सांगितलेला विधी निमूट करतो आणि वर दक्षिणा ठेवतो. गिऱ्हाईक मात्र माल उलटसुलट करून पाहते, घासाघीस करते आणि वाटल्यास काहीच न घेता दुकानाची पायरी उतरते.

आता घरी बसून, कोणाच्याही नोकरीत नसताना, ई-लर्निंगचे पाठ तयार करून देणाऱ्या माणसाकडे जो येतो (खरे तर ज्याच्याकडे यालाच जावे लागते) त्याला काय म्हणावे? सगळे 'क्लायंट' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे याबद्दल आमची तक्रार नाही. मराठीने असे शेकडो शब्द पचवले आहेत. अडचण अशी की या शब्दामागचे नाते नेमके कोणते, हे या व्यवसायात शिरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना कोणी सांगितलेले नसते. मग प्रत्येक जण आपापल्या संस्कारांनुसार ते ठरवतो, आणि मराठीचे एम.ए. झालेल्यांचे संस्कार या बाबतीत फार घातक आहेत असे आमचे मत आहे. हा लेख त्यासाठीच.

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्याकडून एम.ए. होऊन बाहेर पडणाऱ्यांची वाट बहुतेक वाचकांना ठाऊक असेल: सेट, नेट, पीएच.डी., आणि त्यानंतर तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की बंद. आणि झालेल्या तासांचे पैसेही सत्र उलटून गेल्यावर. अशा अवस्थेत गेल्या काही वर्षांत काही जण ई-लर्निंगच्या लेखनाकडे वळले. काही तिथे टिकले, बरेच परतले. टिकलेले आणि परतलेले यांच्या भाषेत किंवा बुद्धीत आम्हांला फरक आढळला नाही. तो आढळला तो दुसऱ्या ठिकाणी, आणि त्या ठिकाणाविषयी आमच्या अभ्यासक्रमात एक ओळही नाही.

ज्यांना हा व्यवसाय अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडा तपशील. एखादी बँक, औषध कंपनी, रुग्णालय किंवा सामाजिक संस्था आपल्या माणसांना काही शिकवू पाहते. तिच्याकडचा जाणकार, ज्याला या धंद्यात विषयतज्ज्ञ म्हणतात, ऐंशी पानांचे एक कंटाळवाणे सादरीकरण हवाली करतो. त्यातून शिकणाऱ्याला नेमके काय करता आले पाहिजे, हे शोधून काढणे हे पहिले काम. मग 'स्टोरीबोर्ड': पडदा क्रमांक, पडद्यावरचा मजकूर, निवेदन, चित्रासाठी सूचना, तंत्रज्ञासाठी टीप, असे रकाने पाडलेला तक्ता. तो मंजूर झाला की स्टोरीलाइन किंवा कॅप्टिव्हेट यांसारख्या साधनात पाठ बांधायचा, प्रश्न घालायचे, आवाज चढवायचा, आणि सगळे 'स्कॉर्म' या ठरलेल्या साच्यात बंद करून द्यायचे, म्हणजे कोणी पाठ पुरा केला, कोणाला किती गुण पडले, याची नोंद संस्थेच्या संगणकाला ठेवता येते. मोठ्या कंपनीत ही कामे चार टेबलांवर वाटलेली असतात. स्वतंत्रपणे काम करणारा चारही टेबले एकट्याने सांभाळतो. शिवाय पाचवे टेबल हिशेबाचे आणि सहावे उंबरे झिजवण्याचे.

हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. मुंबईत टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स १९९० मध्ये सुरू झाली (२०१८ मध्ये ती एमपीएसने घेतली). पुण्यात हार्बिंजर, अपसाइड लर्निंग यांसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. २००१ मध्ये एमकेसीएल आली आणि 'एमएस-सीआयटी'मुळे संगणकावर शिकणे ही कल्पना तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. पण पुण्याच्या कंपन्यांची मुख्य मिळकत परदेशी इंग्रजी कामाची. मराठी तिथे शिरते ती मागच्या दाराने: इंग्रजी पाठ तयार झाला, आता त्याच्या पाचसहा भारतीय भाषांतील आवृत्त्या करा, शब्दाला अमुक पैसे. म्हणजे साखळीत सर्वांत वर परदेशातली संस्था, तिच्याखाली इथली कंपनी, कंपनीखाली भाषांतराचा मध्यस्थ, आणि त्याच्याखाली आमचा विद्यार्थी. मूळ संस्थेला तो आहे हेदेखील माहीत नसते. त्याला काम मिळते, क्लायंट मिळत नाही.

एकाच साधनावर पोट बांधले की काय होते याचा धडा फ्लॅशने दिला. एकेकाळी ई-लर्निंग म्हणजे फ्लॅश, असेच समीकरण होते. २०१७ मध्ये अडोबीने ते बंद करण्याची घोषणा केली आणि २०२० च्या अखेरीस ते बंद झाले. मधल्या तीन-साडेतीन वर्षांत जुने पाठ नव्या साच्यात उतरवण्याचे भरपूर काम निघाले. ज्यांना तोच व्यवसाय कायमचा वाटला ते पुढे रिकामे झाले. करोनाच्या काळात शाळकरी मुलांच्या शिकवण्यांच्या कंपन्यांनी असेच केले. दोन वर्षे त्यांना लेखक पुरेनात. मग बाजार बसला, आणि जुलै २०२४ मध्ये बायजूजसारखी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेजीच्या काळात भरपूर काम मिळवणाऱ्यांपैकी अनेकांनी एकाच ठिकाणी सारी अंडी घातली होती. निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच दारातून येत असेल तर त्याला नोकरीच म्हणावे. फक्त रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि नोटीस यांच्यावाचूनची.

मग काम येते कोठून? टिकलेल्यांकडे पाहून आमची अशी समजूत झाली आहे की 'मला मराठी उत्तम येते' या वाक्याने या धंद्यात कोणाचेच दार उघडत नाही. दार उघडते ते विषयाने. शिकवणे जिथे ऐच्छिक नसून सक्तीचे आहे, अशा विषयाने तर हमखास. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा घ्या. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अंतर्गत समिती नेमावी लागते आणि कर्मचाऱ्यांचे प्रबोधन ठरावीक काळाने पुनःपुन्हा करावे लागते. आता पुनःपुन्हा करावे लागते म्हणजेच पुनःपुन्हा काम निघते. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतील कामगारांना हे इंग्रजीत शिकवून चालत नाही, आणि हिंदीवरून केलेल्या मराठीतही चालत नाही, कारण हा विषयच असा की एक शब्द चुकला तर माणसे हसतात आणि पाठ मातीत जातो. औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धतींविषयीचे 'शेड्यूल एम' २०२३ च्या अखेरीस सुधारून अधिसूचित झाले. लहान कारखान्यांतील कामगारांचे प्रशिक्षण त्यामुळे टाळता न येण्याजोगे झाले. आमची एक विद्यार्थिनी केवळ स्वच्छतागृहात हात कसे धुवावेत आणि संरक्षक कपडे कोणत्या क्रमाने चढवावेत, एवढ्या विषयावर वर्षाचा निम्मा खर्च भागवते. तिचा पीएच.डी.चा विषय महानुभाव गद्य हा होता. (सूत्रे बेतशीर करण्याची सवय तिथून लागली असे ती म्हणते, आम्ही ते विनोद म्हणून घेतलेले नाही.)

दुसरी गोष्ट, नमुन्याची. नवख्याकडे कंपन्या 'चाचणी' म्हणून वीस-वीस पडद्यांचे काम फुकट मागतात, आणि कधी कधी ती चाचणी म्हणजे चालू कामाचाच तुकडा असतो. त्यावर उपाय म्हणजे स्वतःचा पाच मिनिटांचा नमुना आधीच तयार ठेवणे. विषय साधा असावा: विजेचे बिल कसे वाचावे, सात-बारा उताऱ्यावरचे रकाने काय सांगतात. मूळ कागद आणि आपला पाठ शेजारी शेजारी दाखवता आले पाहिजेत. बायोडेटा कोणी वाचत नाही, हा नमुना मात्र पाहतात. त्यातही जाणकाराची नजर ज्या ठिकाणी जाते ती ठिकाणे आपल्याला ठाऊक हवीत. देवनागरी म्हणजे हिंदीचाच टंक, असे समजणारा तंत्रज्ञ 'पाऱ्या'चा 'पार्या' करून ठेवतो. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे वेगळी आहेत आणि नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ती निश्चितही केली आहेत, हे त्याला माहीत नसते. सरकारी काम अशा चुकांवरून परत येते. ती चूक छापील पुराव्यानिशी दाखवून देणाऱ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक मग जपून ठेवला जातो.

आणि क्रमांक जपून ठेवणारी ही व्यक्तीच खरा क्लायंट असते. कंपनी नव्हे; कंपनीतला प्रशिक्षण समन्वयक. ही माणसे दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात आणि जाताना वहीतली नावे बरोबर नेतात. आमच्या टिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कामांचा माग काढला तर ती तीन-चार अशा माणसांपाशी जाऊन पोहोचतात. जाहिरातीतून, किंवा जगभरच्या स्वस्ताईशी स्पर्धा करायला लावणाऱ्या बोलीच्या संकेतस्थळांवरून मिळालेले काम त्यांच्याकडे फारच थोडे आहे. तेव्हा पाठ दिल्यावर महिन्याभराने 'शिकणारे कोणत्या प्रश्नावर अडतात?' असे त्या समन्वयकाला विचारणे, यातून नवे काम जितके निघते तितके शंभर अर्ज पाठवून निघत नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे जड जाऊ नये. वाचक कुठे अडखळतो याची चौकशी करण्यातच त्याची दोन वर्षे गेलेली असतात.

इथवर सगळे सरळ आहे. गाडे अडते ते पैशाच्या बोलण्यावर.

दर सांगायची वेळ आली की आमचा विद्यार्थी ताकाला जाऊन भांडे लपवू लागतो. 'योग्य ते मानधन द्यावे', असे तो पत्रात लिहितो. त्याला वाटते हे सभ्य वाक्य आहे. समोरच्याला कळते की या माणसाला आपल्या कामाची किंमत माहीत नाही. दोष त्याचा नाही. मराठी साहित्यव्यवहारात तो हेच ऐकत आला आहे: व्याख्यानाला मानधन, परीक्षणाला मानधन, दिवाळी अंकातल्या कथेला मानधन. आणि तेही आले तर आले, न आल्यास विचारायचे नाही.

या शब्दाची कथा मोठी बोलकी आहे. संस्कृतात 'मानधन' हा बहुव्रीही समास. मान हेच ज्याचे धन आहे तो, म्हणजे स्वाभिमानी पुरुष. मराठीने त्याला पैशाचा वाचक केला: मानाखातर दिलेले धन. विशेषण माणसाला लागायचे ते पाकिटाला लागले, आणि बहुधा रिकाम्या पाकिटाला. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त वनेचर युधिष्ठिराला दुर्योधनाची खबर देतो, तेव्हा त्याच्या धनुर्धरांना तो 'मानधन' म्हणतो आणि लागलीच 'धनार्चित' असेही म्हणतो. स्वाभिमानी आहेत, आणि धन देऊन सत्कारलेलेही आहेत. म्हणून ते राजासाठी प्राण द्यायला तयार आहेत. मानासाठी धन सोडावे लागते ही अट भारवीने तरी घातलेली दिसत नाही. ती आपण घातली.

आणि ती निरागसपणे घातलेली नाही. अंगणवाडी सेविकांना सरकार 'मानधन' देते. वेतन म्हटले की कर्मचारी म्हणावे लागेल, कर्मचारी म्हटले की हक्क आले. मानधन म्हटले की सेवाभाव उरतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीतील महिलांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निर्णय देताना हे मानधन ग्रॅच्युइटी कायद्याच्या अर्थाने वेतनच ठरते, असे सांगितले. एका शब्दाच्या अर्थासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, हे मराठीच्या प्राध्यापकांनी तरी वर्गात सांगायला हवे.

कोणी म्हणेल, पैशाचा विचार शिरला की भाषासेवा संपली. मराठी गद्याचा इतिहास याला दुजोरा देत नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशासाठी शब्द गोळा करणारे शास्त्री कामावर नेमलेले होते. मेजर कँडी पाठ्यपुस्तकांवर देखरेख करत ते सरकारी अनुवादखात्यातून. क्रमिक पुस्तकांच्या त्या मराठीवर पुढे पिढ्या वाढल्या. तिची कृत्रिमता हा वेगळा विषय. पण ती फुकट झाली नव्हती.

तेव्हा 'मानधन' हा शब्द या व्यवहारातून हद्दपार करावा आणि 'मोबदला' म्हणावे, असे आमचे सरळ म्हणणे आहे. दिल्याच्या बदली घेतलेले, एवढाच त्याचा अर्थ. मोबदला म्हटले की कशाचा, किती आणि केव्हा, हे तीन प्रश्न आपोआप उभे राहतात. कशाचा? पाठ किती मिनिटांचा, प्रश्न किती, दुरुस्तीच्या फेऱ्या किती. दोन फेऱ्यांनंतरच्या प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे, हे आधी लिहिले नाही तर नवव्या फेरीलाही 'जरा एवढा रंग बदलून द्या' असा निरोप येतो. किती? शब्दावर दर लावला की लेखकाला शब्द वाढवावेसे वाटतात. वास्तविक त्याचे कौशल्य शब्द कमी करण्यात आहे. म्हणून दर तयार पाठाच्या मिनिटांवर आणि त्यातील गुंतागुंतीवर लावावा. केव्हा? इथे एक उदाहरण देतो. आमच्या एका विद्यार्थ्याने एका मध्यस्थ संस्थेसाठी आठ महिने काम केले. पाठ वापरात गेले, कर्मचारी त्यावर परीक्षाही देऊ लागले. पण 'अंतिम मंजुरी' आली नाही म्हणून निम्मे पैसे अडकले. ती मंजुरी देणारा अधिकारी दरम्यान सोडून गेला होता. करारात 'अंतिम मंजुरीनंतर' एवढेच होते, तारीख नव्हती. आता तो तीन टप्प्यांत पैसे घेतो: सुरुवातीला, स्टोरीबोर्ड मंजूर झाल्यावर, आणि पाठ हाती दिल्यापासून ठरावीक दिवसांत; मग मंजुरी येवो वा न येवो.

कायदा यात बराच मदतीचा आहे, पण तो वाचतो कोण! २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे पंचेचाळीस दिवसांच्या पुढे ढकलता येत नाहीत, करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांची, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. जुलै २०२० पासून 'उद्यम' ही नोंदणी घरबसल्या आणि विनाशुल्क होते. एकटी लेखिकाही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवली जाऊ शकते. 'उद्योग' हा शब्द स्वतःला लावताना आमच्या विद्यार्थ्यांना हसू येते. येवो, पण पावतीवर तो नोंदणीक्रमांक आला की लेखाविभागातली फाइल जरा लवकर हलते.

स्वामित्वहक्काचेही तसेच. १९५७ च्या कायद्याप्रमाणे नोकराने नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक त्याचा मालक. पण जो नोकर नाही त्याच्या लिखित मजकुराचा पहिला मालक तो स्वतःच. तो हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अमेरिकी करारांवरून उतरवलेली कलमे डोळे मिटून सही होतात आणि सारे कायमचे जाते. काही वेळा ते द्यावेच लागते, त्याला इलाज नाही. परंतु आपण काय देत आहोत हे माहीत असले म्हणजे त्याची किंमत तरी लावता येते.

स्थिर कामाविषयी बोलताना आमच्यातले एक सहकारी नेहमी बलुतेदारीचा दाखला देतात. सुताराला दर वेळी नवे गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. वर्षभर काम, खळ्यावर वाटा. आजचे लोक ज्याला 'रिटेनर' म्हणतात ते हेच, असे त्यांचे म्हणणे. त्र्यं. ना. आत्र्यांचा 'गावगाडा' (१९१५) आम्हीही शिकवला आहे, आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) त्याहून अधिक वेळा. ज्या स्थैर्यात काम सोडण्याची मुभा नाही आणि दर कुळवाड्याने ठरवायचा, त्याची ओढ कोणी बाळगू नये. तरी सहकाऱ्यांच्या बोलण्यातला एक धागा घेण्यासारखा आहे: मोबदला वर्षाचा ठरवावा. एखाद्या रुग्णालयाला किंवा संस्थेला आपण दरमहा ठरावीक दिवस देऊ, जुने पाठ अद्ययावत ठेवू, नवे दोन करू, असा वर्षाचा करार. दोन्ही बाजूंना महिन्याच्या सूचनेवर मोडता येणारा. एकदा केलेला पाठ शिळा होतोच: कायदा बदलतो, यंत्र बदलते, अधिकाऱ्याचे नाव बदलते. ही डागडुजी कोणालाच आकर्षक वाटत नाही, म्हणून ती बहुधा मोकळी पडलेली असते. असे तीन करार असलेल्याला एप्रिल-मेची, म्हणजे वार्षिक खर्चाच्या तरतुदी संपल्यानंतरची, धास्ती वाटत नाही.

हे सगळे आता यंत्राने गिळंकृत केले नाही काय, हा प्रश्न हल्ली प्रत्येक चर्चेत येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि शब्दावर दर लावणाऱ्यांचे दर घसरले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मराठी आवाजही यंत्र बऱ्यापैकी काढते. जो साखळीच्या तळाशी केवळ शब्द बदलून देत होता त्याच्यासाठी परिस्थिती वाईट आहे, आणि तिला गोड मुलामा देण्यात अर्थ नाही. पण यंत्राला सूचना मागितली तर ते 'कृपया सुरक्षा उपकरणे परिधान करावीत' असे लिहिते. कारखान्यातल्या माणसाला वाचायला हवे ते वाक्य 'हातमोजे घातल्याशिवाय मशीन सुरू करू नका' हे. आशाताईंच्या पाठात 'निर्जलीकरण' लिहून उपयोग नाही. 'अंगातलं पाणी कमी होणं' लिहावे लागते, आणि मग बाळाची टाळू खोल गेली आहे का ते पाहायला सांगावे लागते. त्याहून अवघड म्हणजे प्रश्नांचे चुकीचे पर्याय लिहिणे. बरोबर उत्तर कोणीही लिहील. शिकणारा नेमका कोणत्या गैरसमजुतीने चुकतो हे ओळखून तीच गैरसमजूत पर्याय म्हणून मांडायची, तर त्या माणसाशी बोलावे लागते. यंत्राचा मसुदा तपासून त्याची जबाबदारी घेणे हे काम पुढे वाढेल असा आमचा कयास आहे. त्याचा दर कसा लावायचा यावर मात्र या व्यवसायात अजून एकमत नाही. तासावर लावावा, असे आमचे मत.

राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून एम.ए.च्या पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचे 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना कोठे पाठवायचे या विवंचनेत विभाग आहेत. वृत्तपत्र, प्रकाशक, ग्रंथालय, यांपुढे यादी सरकत नाही; आणि तिथून आणायचे असते ते एक प्रमाणपत्र. आम्ही असे सुचवले आहे की विद्यार्थ्याने एका खऱ्या संस्थेसाठी पाच मिनिटांचा एक पाठ करून द्यावा, आणि त्याबरोबर दरपत्रक, करार आणि पावती हेही गुणांकनासाठी सादर करावे. उपयोजित मराठीच्या पत्रिकेत जाहिरात आणि मुद्रितशोधन आहे, तसे दरपत्रकही असावे. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "वाङ्मयाच्या विभागात पावत्या शिकवायच्या का?" त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. त्यांनी स्वतः चाळीस वर्षे पगार घेऊन वाङ्मय शिकवले, एवढेच आम्ही नम्रपणे नमूद केले. असो. विषय पुढील सभेवर ठेवला आहे. सभेपुढे नमुना प्रश्न जोडायचा आहे, तो असा:

'आपण एका रुग्णालयासाठी परिचारिकांचा वीस मिनिटांचा पाठ तयार करणार आहात. रुग्णालयाने "योग्य ते मानधन देऊ" असे कळवले आहे. त्यांना उत्तरादाखल पत्र लिहा. पत्रात कामाची व्याप्ती, दुरुस्तीच्या फेऱ्या, दर, पैसे देण्याचे टप्पे आणि स्वामित्वहक्क यांचा उल्लेख आवश्यक. शब्दमर्यादा २००. गुण १०.'